जहाजावरचा वास

दिवाळी अंकासाठी कशावर लिहावे याचे नियम कोणी छापून ठेवलेले नाहीत, तरी ते सर्वांना ठाऊक असतात. वासापुरते बोलायचे तर उटणे, सुगंधी तेल, कढईतून निघणाऱ्या चकल्या, फार तर अंगणात उडालेल्या फटाक्यांची दारू, इथपर्यंत लेखकाच्या नाकाला मोकळीक असते. त्यापलीकडे त्याने जाऊ नये. मी आज जाणार आहे. वाचकांनी फराळाची बशी क्षणभर बाजूला सारावी, किंवा आधी संपवून टाकावी, एवढी विनंती करतो आणि विषयाला हात घालतो. विषय आहे जुन्या शिडाच्या जहाजांवरील संडास आणि त्यांचा काही केल्या न जाणारा वास.

हा विषय मला एका विद्यार्थ्याने दिला. वर्गात वास्को द गामा चालला होता. जुलै १४९७ मध्ये लिस्बनहून निघालेली त्याची जहाजे मे १४९८ मध्ये कालिकतला लागली, हे मी फळ्यावर लिहीत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, इतके महिने ती माणसे पाण्यावर होती, तर ती 'तिकडे' कुठे जात होती?" वर्ग खो खो हसला. मला मात्र तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत तहांची कलमे असतात, तोफांची संख्या असते, राजांच्या जन्ममृत्यूच्या तिथ्या असतात. ज्या गोष्टीवाचून राजाचा आणि खलाशाचा एक दिवसही सरत नाही, तिच्याबद्दल एक ओळ नसते. पुढे बरेच दिवस मी त्या प्रश्नाच्या मागे लागलो. जे हाती लागले ते इथे मांडतो.

प्रथम त्या मुलाच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. शाळेत 'हेड' हा शब्द उच्चारला की मुले चपापतात आणि आम्ही मास्तर मंडळी सदऱ्याच्या गुंड्या चाचपतो. इंग्रज खलाशाला मात्र 'हेड' म्हटले की संडास आठवतो. आजही लहानशा हौशी शिडाच्या बोटीवर संडासाला हेच नाव आहे. त्याचे कारण असे की जहाजाचा 'हेड' म्हणजे त्याचे पुढचे टोक, ज्याला आपले कोळी नाळ म्हणतात. तिथे लाकडी पुतळा बसवलेला असे आणि त्याच्या मागे, पाण्यावर पुढे आलेल्या जाळीदार लाकडी माच्यावर, भोके पाडलेल्या पेट्या ठेवलेल्या असत. खाली थेट समुद्र.

जागेची ही निवड वाऱ्याने केली होती. चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही; त्याला वारा पाठीमागून किंवा बाजूने लागतो. त्यामुळे पिछाडीला जे काही असेल त्याचा वास साऱ्या जहाजावरून फिरून पुढे जाई; नाळेवरचा वास मात्र वाऱ्याबरोबर पुढच्या पुढे निघून जाई. शिवाय जहाज लाटेत नाक खुपसे तेव्हा समुद्र स्वतः येऊन जागा धुऊन टाकी. भंगी नको, पाणी ओतायला नको. अरबांच्या बगल्यांवर हीच व्यवस्था मागच्या अंगाला, पाण्यावर लटकणाऱ्या लाकडी पेटीत असे. तत्त्व एकच: काही साठू द्यायचे नाही.

हे कोणाला डोळ्यांनी पाहायचे असेल तर स्वीडनमध्ये स्टॉकहोमला जावे. तिथे 'वासा' नावाचे राजाचे मोठे लढाऊ जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीला निघाले आणि बंदर सोडायच्या आत वाऱ्याच्या एका झोताने कलून बुडाले. तीनशे तेहेतीस वर्षे ते चिखलात निजून होते. १९६१ साली त्याला वर काढले आणि आता ते संग्रहालयात उभे आहे. कोरीव सिंह, राजचिन्हे, रंगांचे अवशेष हे सारे लोक डोळे विस्फारून पाहतात. नाळेवर दोन्ही बाजूंना एकेक साधी चौकोनी पेटी आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ते संडास. या जहाजावर खलाशी आणि सैनिक मिळून साडेचारशेच्या आसपास माणसे नेण्याची योजना होती.

साडेचारशे माणसे आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पेट्या! तुफानात, काळोखात, पावसात त्या ओल्या माच्यावर जाऊन बसणे म्हणजे जिवाशी गाठ. आजारी माणसाला ते शक्यच नव्हते. मग माणसे जवळचा कोपरा गाठत, तोफांच्या मजल्यावर बादली ठेवत किंवा तळाच्या काळोखात उतरत. कप्तानाला यातले काही करावे लागत नसे. त्याची खोली पिछाडीला, काचेच्या खिडक्यांची, आणि तिच्या कोपऱ्यात त्याचा स्वतंत्र, बंदिस्त संडास. वाऱ्याची बाजू कोणाला मिळावी हेही हुद्द्यावर ठरत होते.

आता आपण जहाजाच्या तळाशी जाऊ, कारण खरा वास तिथे राहत होता.

लाकडी जहाज कितीही चांगले बांधले तरी ते थोडे गळतेच. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपते आणि तळाशी, जिला खलाशी 'बिल्ज' म्हणतात त्या खोलगट जागेत साठते. जहाज स्थिर राहावे म्हणून तिथे भार घातलेला असे, बहुधा दगडगोट्यांचा. वरून येणारे सारे त्या गोट्यांत मुरे: सांडलेली दारू, खारवलेल्या मांसाचे पाणी, उंदरांची लेंडी, आजाऱ्यांच्या बादल्यांतले हिंदकळून पडलेले, आणि नाळेवर जाण्याचा कंटाळा केलेल्यांचे सारे. पंप असत, पण गोट्यांच्या फटीतला गाळ पंपाला येत नसे. महिन्या-दोन महिन्यांत त्याचा काळा रेंदा होई.

त्याच्या वासाचे रसायन आज आपल्याला ठाऊक आहे. समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज सल्फेटे असतात. हवा न पोचणाऱ्या, साचलेल्या घाणीत काही सूक्ष्म जंतू त्या सल्फेटांवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. नासक्या अंड्याचा जो वास, तो याचाच. त्या काळच्या जहाजांवर चांदीच्या बकला काळ्या पडत, शिशाचा पांढरा रंग काळा पडे. ती करणी याच वायूची. या वायूचा एक गुण फार भयंकर आहे. तो अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो. पण जास्त झाला की नाकाची जाणीवच मारून टाकतो. वास गेला, हवा शुद्ध झाली असे वाटते, आणि माणूस खाली उतरता उतरता कोसळतो. पंपाच्या विहिरीत दुरुस्तीला उतरलेली माणसे अशीच गुदमरून मेली, आणि त्यांना काढायला गेलेलेही त्यांच्या शेजारी पडले.

यातून खलाशांच्या ध्यानात एक उलटी गोष्ट आली. चांगले घट्ट बांधलेले, न गळणारे जहाज जास्त घाणेरडे असते आणि गळके जहाज निरोगी असते! कारण गळक्या जहाजात रोज नवे पाणी येते आणि रोज पंपाने ते काढावेच लागते. तळ धुतला जातो. घट्ट जहाजात थोडेसेच पाणी येते आणि ते तिथेच नासत बसते. हे उमगल्यावर काही जहाजांच्या तळाला मुद्दाम तोटी बसवली. रोज थोडा समुद्र आत घ्यायचा आणि पंपाला स्वच्छ पाणी लागेपर्यंत उपसायचा. संकटाला हात धरून घरात आणून कामाला लावण्याचा हा प्रकार मला मोठा शहाणपणाचा वाटतो.

इथे अठराव्या शतकातल्या विद्वानांचा प्रवेश होतो. त्या काळी असे मानत की रोग वासातूनच होतो. घाणीतून दूषित हवा उठते, ती नाकावाटे शरीरात शिरते आणि ताप येतो. तेव्हा शत्रू म्हणजे वास, आणि त्याच्यावर हल्ला करायचा. व्हिनेगर शिंपडत, गंधक जाळत, डांबराचा धूर करीत, ओली बंदुकीची दारू धुमसत ठेवीत. एक वास दुसऱ्या वासाने मारायचा. धूर विरला की जुना वास पुन्हा आपल्या जागी हजर.

दोघांना मात्र वेगळे सुचले. एक होते रेव्हरंड स्टीफन हेल्स, लंडनजवळच्या टेडिंग्टन गावचे पाद्री. रविवारी प्रवचन आणि उरलेले दिवस प्रयोग, असा या गृहस्थांचा क्रम. घोड्याच्या रक्ताचा दाब प्रथम मोजला तो यांनीच. १७४१ साली त्यांनी रॉयल सोसायटीपुढे एक यंत्र मांडले. लोहाराच्या भात्यासारखे, पण खोलीएवढे. माणसांनी दांडा वरखाली करायचा आणि तळातली कोंदट हवा ओढून बाहेर टाकायची. दुसरा होता सॅम्युएल सटन, लंडनमधला दारू गाळण्याचा धंदा करणारा. त्याने विचार केला, जहाजावर स्वयंपाकाची चूल तर पेटतेच. तिला बाहेरची हवा मिळण्याचे तोंड बंद करावे आणि तळापासून नळी आणून चुलीला जोडावी. आगीला हवा लागतेच. ती तळातली हवा ओढून घेईल. माणूस नको, दांडा नको. भात शिजतो आहे तोवर जहाज आपला श्वास बदलत राहील. १७४४ साली त्याला पेटंट मिळाले. राजवैद्य रिचर्ड मीड याने त्याची बाजू घेतली, तरी आरमाराचे अधिकारी बराच काळ नाके मुरडत होते. दारू गाळणाऱ्याने जहाज बांधणाऱ्यांना शिकवावे, हे त्यांच्या पचनी पडेना. दोघांच्याही आधीपासून खलाशी शिडाच्या कापडाचे लांब नळकांडे डोलकाठीला बांधून वारा तळात सोडीत. ते सर्वांत स्वस्त, पण वारा पडला की तेही गळून पडे.

कप्तान जेम्स कुक याने हे सारे ज्ञान व्यवहारात आणले. त्याच्या जहाजावर माणसांनी अंथरुणे उन्हात टाकावी, कपडे धुवावे, मधले मजले कोरडे ठेवावे, असा कडक शिरस्ता होता. लोखंडी भांड्यात विस्तव करून तो पंपाच्या विहिरीत, थेट तळाशी सोडी. गरम हवा वर चढे आणि कोंदटपणा घेऊन जाई. १७७२ ते १७७५ या त्याच्या दुसऱ्या सफरीत 'रिझोल्यूशन' जहाज तीन वर्षे अठरा दिवस बाहेर होते. ११८ माणसांपैकी चार गेली, आणि त्यांतले आजाराने फक्त एक. ज्या काळी लढाईपेक्षा आजाराने जास्त खलाशी मरत, त्या काळी हा चमत्कार होता. १७७६ साली रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ले पदक दिले ते बेटे शोधल्याबद्दल नव्हे, खलाशांचे आरोग्य राखल्याच्या निबंधाबद्दल.

आता गंमत पाहा. 'जहाजताप' म्हणून जो रोग तेव्हा माणसे मारी, तो बहुतांशी टायफस. तो वासाने होत नाही, उवांनी होतो. शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते १९०९ साली सिद्ध केले आणि १९२८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच्या दीडशे वर्षे आधी जेम्स लिंड हा आरमारी डॉक्टर सांगत होता की नव्याने पकडून आणलेल्या माणसांना आधी वेगळ्या जहाजावर ठेवा, आंघोळ घाला, त्यांचे कुबट कपडे काढून घ्या आणि स्वच्छ कपडे द्या. मनात शत्रू होता वास. घाव बसला उवांवर. तर्क चुकीचा आणि काम बरोबर, असे इतिहासात पुष्कळदा घडते. नाकाला रोगाचे कारण कळत नाही, पण कारण कुठे राहते तो पत्ता त्याला बहुधा बरोबर सापडतो.

या सुधारणांची एक काळी बाजू आहे आणि ती सणाच्या दिवशीही झाकून ठेवणे बरे नव्हे. हेल्सचे भाते आणि कापडी नळकांडी गुलामांच्या जहाजांवरही गेली. त्यात दया थोडी आणि हिशेब फार होता. मेलेला गुलाम विकता येत नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून शेकडो माणसे साखळदंडांत, फळ्यांवर एकाला एक खेटून आडवी घातलेली. त्यांना नाळेवर कोण जाऊ देणार? मजल्यावर उघडी टबे ठेवलेली असत. ओलाउदा इक्वियानो या मुक्त झालेल्या गुलामाने १७८९ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात त्याने त्या तळातल्या हवेचे वर्णन केले आहे. लहान मुले त्या टबांत पडून गुदमरत, असेही लिहिले आहे. ते वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटने हा व्यापार बंद केला. तोवर इंग्लंडात पुष्कळांच्या चहातली साखर त्या वासातून आलेली होती, आणि पिणाऱ्याच्या नाकाला तो कधी लागला नाही.

कोंदट हवा माणसांप्रमाणे लाकडाचाही घात करी. इंग्लंडची जहाजे ओकच्या लाकडाची. ओल आणि बंद हवा मिळाली की ओकला बुरशी लागे. १८१० साली पाण्यात उतरवलेले 'क्वीन शार्लट' हे तोफांचे भव्य जहाज सफरीवर जाण्याआधीच कुजीने पोखरले. तेव्हा इंग्रजांची नजर मुंबईकडे वळली. इथे सुरतेहून १७३६ साली आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांचे घराणे मलबारी सागवानाची जहाजे बांधीत होते. सागात तेल असते. त्याला बुरशी आणि कीड सहसा धजत नाही. जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेले 'त्रिंकोमाली' ऑक्टोबर १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. तळातली हवा मुंबईच्या जहाजातही कोंदटच होत असे. पण आपल्या सागवानाने ती सोसली.

शिडांचा काळ गेला, आगबोटी आल्या आणि संडास नाळेवरून आत आला. आता तो पाण्याच्या पातळीपाशी किंवा तिच्याखाली असतो, म्हणून पंप आणि झडपा लागतात. नाहीतर समुद्रच आत येईल. झडप नीट बसली नाही तर काय होते याचे उदाहरण दुसऱ्या महायुद्धात घडले. १४ एप्रिल १९४५ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ 'यू-१२०६' या जर्मन पाणबुडीत संडासाच्या यंत्रणेतून पाणी शिरले. ते बॅटऱ्यांपर्यंत पोचले, क्लोरीन वायू सुटला, पाणबुडीला वर यावे लागले, वरून विमानांनी गाठले आणि अखेर तिच्या माणसांनी ती बुडवून टाकली. राष्ट्राचे आरमार संडासाच्या झडपेशी असे बांधलेले असते.

हौसेने जुनी शिडाची बोट विकत घेणारे लोक आज जगभर आहेत. बोट रंगवतात, पितळ घासतात, नवी शिडे चढवतात; पण खालच्या लहान संडासातला वास जात नाही. मग सुवासिक द्रव्ये ओततात. म्हणजे पुन्हा अठराव्या शतकातले व्हिनेगर आणि धूर. खरे कारण बहुधा नळ्यांत असते. संडास धुण्यासाठी समुद्राचे पाणी ज्या नळीतून येते, त्या नळीत बोट बंद असताना ते पाणी साचून राहते. त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव मरतात, कुजतात आणि तोच जुना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आठवड्याने पहिला पंप मारला की नासक्या अंड्याचा वास येतो आणि बिचाऱ्या पाहुण्यावर आळ येतो! बोट बांधून ठेवण्याआधी गोडे पाणी फिरवले की हा वास येत नाही.

दुसरे कारण घाण वाहून नेणारी नळी. रबराची किंवा प्लास्टिकची नळी वर्षानुवर्षे वास शोषून घेते आणि शेवटी तो तिच्या अंगातून बाहेर झिरपू लागतो. जाणते लोक एक साधी परीक्षा सांगतात. गरम पाण्यात पिळलेले फडके नळीवर गुंडाळावे, निवल्यावर काढून दूर नेऊन हुंगावे. फडक्याला वास आला तर नळी बदलावी. दुसरा उपाय नाही. नवी नळी घालताना तिला मध्ये झोळ पडू देऊ नये, कारण जिथे झोळ तिथे साठा. मूत्र आणि समुद्राचे पाणी यांच्या संयोगाने नळीत चुनखडीसारखा थर धरतो. त्याला मात्र जुन्या काळचे व्हिनेगर खरोखर उपयोगी पडते. बिचाऱ्या व्हिनेगरला दोनशे वर्षांनी योग्य नोकरी मिळाली.

तिसरे कारण टाकी, आणि ती आली कायद्यामुळे. पूर्वी सारे थेट समुद्रात जाई. बंदरे आणि किनारे नासू लागले तेव्हा राष्ट्रांनी निर्बंध घातले. २००३ सालापासून आंतरराष्ट्रीय नियमाने मोठ्या जहाजांना प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. लहान बोटींसाठीही अनेक देशांचे आपापले कायदे आहेत. म्हणून बोटीत टाकी ठेवावी लागते. किनारा स्वच्छ झाला आणि वास खोलीत आला. त्यावर उपाय तोच जो सटनने सांगितला: हवा खेळती ठेवा. टाकीला रुंद श्वासनळी द्यावी, शक्य तर दोन, समोरासमोर. हवा असली की वेगळ्या जातीचे जंतू काम करतात आणि नासक्या अंड्याचा वास निर्माणच होत नाही. तीन शतकांच्या खटाटोपाचे सार आमच्या आजीने एका वाक्यात सांगितले असते: साचले की नासले.

पण एवढ्याने त्या मुलाचा प्रश्न पुरता सुटत नाही. 'कुठे जात' हे कळले. 'साफ कोण करीत होते' हे राहिले.

लहान बोटीवर याचे उत्तर सोपे असते. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादई' या छप्पन्न फुटी शिडाच्या बोटीतून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; असे करणारे ते पहिले भारतीय. एकट्याच्या बोटीवर सारंग तोच, भंडारी तोच आणि संडास घासणाराही तोच. मोठ्या जहाजांवर असे नव्हते. पी. अँड ओ., ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या आगबोटींवर हिंदी खलाशी असत; आमच्या रत्नागिरी किनाऱ्यावरची कितीतरी माणसे त्यांत होती. त्यांची एक उतरंड असे. वर सारंग, मग टंडेल, मग बाकीचे. अगदी तळाशी एक माणूस असे, त्याचे नाव 'टोपस'. त्याने संडास धुवायचे, मोऱ्या काढायच्या. या शब्दाचे भाग्य असे फिरले की पूर्वी पोर्तुगीज वंशाच्या काळसर ख्रिस्ती शिपायांना टोपस म्हणत, आणि मुंबईच्या इंग्रज फौजेतही ते होते. शिपायाचा शब्द घसरत घसरत झाडूवाल्यावर येऊन थांबला. जहाज मायदेश सोडून सातासमुद्रांपार गेले, तरी गावातली वाट जहाजावर चढून आली होती. समुद्र ओलांडला की जात जाते असे आपले पूर्वज म्हणत. टोपसाची काही गेली नाही.

ज्या रत्नागिरीने हे खलाशी दिले, तिथल्याच तुरुंगात १९३२ साली एक वेगळी गोष्ट घडली. अप्पासाहेब पटवर्धन हे राजबंदी तिथे होते. जन्माने ब्राह्मण, विद्वान माणूस. त्यांनी मागणी केली की मला भंगीकाम करू द्या. तुरुंगाच्या नियमात ते बसेना. अमुक जातीने अमुक काम, असे तिथेही ठरलेले. अप्पासाहेबांनी उपोषण धरले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही अन्न सोडले. लोक तुरुंगात चांगले जेवण मिळावे म्हणून भांडतात. या माणसाने संडास साफ करण्याचा हक्क मिळावा म्हणून उपास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी स्वस्त आणि दुर्गंधी न येणारे संडास तयार करून दाखवले, कारण ते जाणून होते की नुसत्या उपदेशाने कोणाच्या डोक्यावरची पाटी उतरत नाही. संडासच असा हवा की दुसऱ्याला हात लावावा लागू नये. हेल्स, सटन आणि कुक यांच्या पंक्तीला मी कोकणच्या या गांधींना बसवतो. त्या तिघांनी वास कसा घालवावा ते शोधले. यांनी विचारले की तो आजवर कोणाच्या वाट्याला घातला होता.

मैला माणसाकडून वाहवून घेण्यावर आपल्याकडे १९९३ साली बंदीचा कायदा झाला आणि २०१३ साली त्याहून कडक झाला. तरीही गटाराच्या झाकणाखाली उतरलेला माणूस वर आला नाही, त्याला काढायला गेलेला दुसराही आला नाही, अशी बातमी अजून वर्तमानपत्रात येते. त्या भुयारातला वायू म्हणजे बहुधा तोच, जो अडीचशे वर्षांपूर्वी जहाजाच्या विहिरीत खलाशांना मारीत होता. थोडा असला तर नाकाला कळतो, जास्त झाला की नाक बधिर करतो. त्याच्यावरचे उपाय जुने आहेत, स्वस्त आहेत आणि सर्वांना ठाऊक आहेत: आधी झाकणे उघडून हवा खेळती करा, यंत्राने उपसा, आणि माणसाला खाली उतरवू नका. एवढे करायला नवा शोध लागत नाही. फक्त वास आपल्या अंगणातून गेला म्हणजे तो संपला, असे समजणे सोडावे लागते.